घरात एकदा बोलून ठेवा
(मंडळाच्या गणेशोत्सवात केलेले भाषण)



बाप्पासमोर मरणाचा विषय कशाला, असे काहींना वाटेल. पण २५ ऑगस्ट ते ८ सप्टेंबर हा राष्ट्रीय नेत्रदान पंधरवडा, आणि तो बऱ्याचदा गणपतीच्या दिवसांतच येतो.

आपल्यापैकी कोणाकडे दुःखद घटना घडली की आम्ही काही कार्यकर्ते तिथे जातो आणि हात जोडून नेत्रदानाचे विचारतो. कधी होकार मिळतो, कधी नकार. नकार देणारी माणसे कठोर नसतात. नुकतेच ज्यांनी वडिलांचे डोळे मिटवले, त्यांना चेहरा विद्रूप होईल अशी धास्ती वाटते. प्रत्यारोपणाला लागते ते पारपटल, म्हणजे डोळ्याच्या पुढचा पारदर्शक पडदा. सारे काम घरीच, साधारण वीस मिनिटांत होते. पापण्या मिटल्या की चेहरा होता तसाच शांत दिसतो.

कोणी म्हणते, "पुढच्या जन्मी आंधळेपण आले तर?" त्यांना आम्ही एवढेच म्हणतो, की ज्या देहाला आपण अग्नी देतो, त्यातले बरोबर काय जाते? कोणी म्हणते, "आईला मोतीबिंदू होता, मधुमेह होता." त्यांची सहसा आडकाठी नसते. पात्रता डॉक्टर तपासून ठरवतात.

पण आमचा अनुभव असा, की बहुतेक नकार यांपैकी कशामुळेच येत नाहीत. ते येतात 'विचारून सांगतो' मुळे. मुलगा पुण्याहून निघालेला, काका गप्प, सूनबाईंना वाटते आपण कसे बोलावे? नेत्रदान सहा तासांच्या आत व्हावे लागते. विचारविचारात ते निघून जातात.

आपल्यातल्याच एका आजींनी नेत्रदानाचा फॉर्म भरला होता. घरी कोणाला बोलल्या नव्हत्या. तेराव्याला त्यांची पोथी उघडली, तेव्हा तो कागद सापडला. मुलगा आम्हाला म्हणाला, "त्या दिवशी तुम्ही विचारलेत, आणि मी नाही म्हणालो." त्याला काय उत्तर द्यावे, हे आम्हाला सुचले नाही.

फॉर्म कितीही भरा, त्या वेळी नेत्रपेढीला फोन करायचा तो घरच्यांनी आणि संमतीची सही करायची तीही घरच्यांनीच. जिथे आई-आजोबा आधी बोलून गेलेले असतात, तिथे रडत रडत का होईना, होकार लगेच येतो. कारण तिथे कोणाला ठरवायचे नसते, फक्त शब्द पाळायचा असतो.

तेवढ्या वेळात पंखा बंद करावा, पापण्या मिटून वर ओला कापूस ठेवावा, डोक्याखाली उशी द्यावी. एका माणसाच्या दानाने दोघांना दृष्टी मिळू शकते.

आज आरतीनंतर घरी जेवायला बसाल, तेव्हा आपली इच्छा सांगा. नको असेल तर तेही सांगा. पण मुलांना अंदाज करायला लावू नका.

गणपती बाप्पा मोरया!