पाय सुजला, पण रोग कोणता?

(शेतकऱ्यांसाठीच्या कार्यक्रमात एका धान उत्पादक शेतकऱ्याने केलेले भाषण)



या कार्यक्रमात तुम्ही खताबद्दल ऐकता, बियाण्याबद्दल ऐकता, किडीबद्दल ऐकता. आज मी पायाबद्दल बोलणार आहे. मी डॉक्टर नाही. पूर्व विदर्भातल्या धानपट्ट्यातला, चार एकरांचा साधा शेतकरी आहे. पण माझ्या डाव्या पायाच्या सुजेला नाव मिळायला साडेतीन वर्षे लागली. तेवढ्या काळात पैसा गेला, एक बैलजोडी गेली, आणि जो पाय वेळेवर सांभाळता आला असता तो वाढून बसला. तुमचे तसे होऊ नये म्हणून हे सांगतो.

सुरुवात कशी झाली

२०१६ साली आषाढात रोवणी चालली होती. पायाच्या बोटांत चिखल्या झाल्या होत्या. त्या कोणाला होत नाहीत? आम्ही मेंदी लावली आणि पुन्हा बांधीत उतरलो. एके रात्री हुडहुडी भरून ताप आला. जांघेत अवधाण आले. डावा पाय लाल झाला, तव्यासारखा तापला. चार-पाच दिवसांनी ताप उतरला, पण घोट्यावर थोडी सूज राहिली. सकाळी उठावे तर पाय जवळजवळ बरोबर, संध्याकाळी मात्र वहाणेचा पट्टा रुतायचा. म्हटले, उतरेल आपोआप.

पुढच्या पावसाळ्यात पुन्हा तेच. ताप, अवधाण, लाल पाय. या वेळी सूज पोटरीपर्यंत चढली आणि सकाळीही पूर्ण उतरेना.

मग उपाय सुरू झाले. कोणी म्हणाले, वात आहे. कोणी म्हणाले, काहीतरी ओलांडले असेल. एकाने बिब्बा घातला, त्याची जखम महिनाभर वाहिली. बाजाराच्या गावी सुई टोचून घेतली. लघवी जास्त होण्याच्या गोळ्या मिळाल्या. त्यांनी दोन दिवस बरे वाटले, तिसऱ्या दिवशी सूज जागच्या जागी. शहरात गेलो. छातीची पट्टी काढली, रक्त झाले, लघवी झाली. सगळे चांगले निघाले. डॉक्टर म्हणाले, हृदय ठीक, मूत्रपिंड ठीक. आनंद वाटायला हवा होता. पण पाय तर सुजलेलाच होता! रोग सापडला नाही म्हणजे रोग नाही, असे होत नाही ना?

हत्तीरोगाची शंका मलाही होती. आमच्या भागात तो आहेच. रात्री रक्त घेतात ती तपासणी दोनदा केली. दोन्ही वेळा जंतू दिसला नाही. मी सुटकेचा श्वास टाकला आणि वर्षभर गप्प बसलो. तीच माझी मोठी चूक.

सूज हे रोगाचे नाव नव्हे

धान पिवळे पडले तर आपण काय करतो? लगेच युरिया फेकतो का? जाणता शेतकरी आधी बांधीत उतरतो. पिवळेपणा कुठून सुरू झाला ते बघतो. खालचे पान की वरचे? सगळी बांधी की एकच चट्टा? नत्र कमी पडले असेल, पाणी साचून मुळे गुदमरली असतील, बुडाशी तुडतुडे असतील. पिवळेपणा एक, कारणे अनेक. पायाच्या सुजेचेही तसेच आहे. हे मला कळले ते एका वैद्यकीय अधिकारी बाईंमुळे.

२०१९ चा डिसेंबर होता. आमच्या आरोग्य केंद्रात त्या नव्याने आल्या होत्या. त्यांनी माझ्या कागदांची थैली बाजूला ठेवली आणि म्हणाल्या, "काका, कागद मी नंतर बघते. आधी पाय कधी आणि कसा सुजला ते सांगा." मी सांगत गेलो, त्या विचारत गेल्या. एक पाय की दोन्ही? सूज पायाच्या पंजावर आहे की फक्त घोट्यावर? रात्रीत उतरते का? ताप किती वेळा आला? अवधाण आले होते का? दम लागतो का? कोणत्या गोळ्या चालू आहेत? नळीच्या हाडावर त्यांनी अंगठा दाबून धरला आणि खळगा पडतो का ते पाहिले. बोटांच्या बेचक्या उघडून पाहिल्या. इतक्या वर्षांत माझ्या बेचक्या कोणी पाहिल्या नव्हत्या.

मग त्यांनी मला घरी एक काम दिले. घोट्याच्या वर चार बोटे मोजून तिथे सुतळी गुंडाळायची. सकाळी उठल्याबरोबर एक गाठ, निजताना दुसरी गाठ. दोन्ही पायांच्या सुतळ्या वेगळ्या. पंधरा दिवसांनी त्या सुतळ्या घेऊन गेलो. उजव्या पायाच्या गाठी एकावर एक. डाव्या पायाच्या दोन गाठींत संध्याकाळी बोटभर अंतर, आणि सकाळची गाठसुद्धा उजव्या पायापेक्षा बरीच पुढे.

जिल्ह्याच्या रुग्णालयात पायाच्या शिरांची सोनोग्राफी झाली. शिरेत रक्ताची गुठळी नव्हती, शिरा फुगलेल्या नव्हत्या. तेव्हा बाई म्हणाल्या, "हा हत्तीरोगच आहे."

मी म्हटले, "बाई, रात्रीच्या रक्तात तर दोनदा काही निघाले नाही!"

त्यांनी समजावले ते असे. हत्तीरोगाचे मोठे जंत रक्तात नसतात, ते रसवाहिन्यांत राहतात आणि कित्येक वर्षे जगतात. त्यांची पिल्ले रात्री रक्तात येतात, म्हणून रक्त रात्री घ्यायचे. पण पाय सुजून वर्षे झाली की पुष्कळांच्या रक्तात पिल्ले सापडतच नाहीत. जंत मेलेले असतात, रसवाहिन्या मात्र कायमच्या बिघडलेल्या असतात. आता दिवसा करता येणारी पट्टीची तपासणीही आहे, पण जुन्या सुजेत तीही दर वेळी लागेलच असे नाही. म्हणून अशा वेळी रोग ओळखायचा तो रोग्याची हकिगत ऐकून, पाय बघून, आणि बाकीची कारणे एकेक बाजूला काढून.

मोठ्या भावाची गोष्ट

माझे नाव लागले त्याच हिवाळ्यात माझ्या मोठ्या भावाचे पाय सुजले. दोन्ही पाय. मी लगेच शहाणपणा केला. म्हटले, घरातच रोग आहे, तुम्हीही पाय उशीवर ठेवून निजा. भाऊ बिचारे निजले. त्यांना धाप जास्तच लागू लागली. आमच्या वहिनी म्हणाल्या, "हे आठ दिवसांपासून भिंतीला टेकून बसूनच झोपतात." ही गोष्ट कोणी विचारली नव्हती आणि त्यांनीही सांगितली नव्हती.

त्याच दिवशी त्यांना रुग्णालयात नेले. त्यांचे हृदय कमजोर पडले होते. सूज पायात होती, दुखणे छातीत होते. औषधे सुरू झाली, मीठ कमी केले. आज ते जड काम करत नाहीत, पण धुऱ्यावर बसून आम्हाला हुकूम सोडतात! आणखी आठ दिवस मी त्यांच्यावर माझाच इलाज केला असता तर? विचार केला की अंगावर काटा येतो.

म्हणून बंधूंनो, शेजाऱ्याचा पाय आणि आपला पाय सारखा दिसला तरी रोग सारखा असतो असे नाही. शेजाऱ्याच्या गोळ्या घेऊ नका.

डॉक्टरांना काय सांगावे

दोन्ही पाय सुजत असतील आणि चालताना किंवा आडवे झाल्यावर धाप लागत असेल, तर हृदयाची तपासणी हवी. सकाळी डोळ्यांभोवती सूज येत असेल, लघवीला फेस येत असेल, तर मूत्रपिंडाची. पोट फुगून डोळे पिवळे होत असतील, तर यकृताची. अंगात रक्त कमी असले, थायरॉईडचे दुखणे असले तरी पाय सुजतात. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी घोटे सुजतात. पण म्हणून गोळी मनाने बंद करू नका, डॉक्टरांना दाखवा. आणि अंग दुखते म्हणून दुकानातून आणून रोज खाल्लेल्या गोळ्या? त्यांनीही सूज येते आणि मूत्रपिंडे खराब होतात. त्यांचे रिकामे पाकीटसुद्धा बरोबर न्या.

पुढील गोष्टींत मात्र सुतळीला गाठी मारत बसू नका, त्याच दिवशी रुग्णालय गाठा :

१. एकच पाय अचानक सुजला आणि पोटरी दुखते. त्यातही नुकतेच ऑपरेशन, बाळंतपण झाले असेल किंवा बरेच दिवस अंथरुणात काढले असतील. शिरेत गुठळी असू शकते.
२. सुजेबरोबर छातीत दुखते किंवा दम कोंडतो. १०८ ला फोन करा.
३. पाय लाल, गरम, आणि थंडी वाजून ताप.
४. गरोदर बाईच्या अंगावर सूज, डोके दुखते, डोळ्यांपुढे अंधारी येते.
५. शेतात काही चावल्यासारखे वाटले आणि पाय सुजत चालला. साप दिसला नाही म्हणून थांबू नका.

आता मी काय करतो

खरे सांगतो, माझा पाय पूर्वीसारखा झाला नाही. जुनी सूज सगळी जात नाही. पण ती वाढायची थांबली. पूर्वी वर्षातून तीन-चार वेळा ताप यायचा. गेल्या दोन पावसाळ्यांत एकदाही आला नाही. त्याचे औषध माझ्या घरातच आहे, ते म्हणजे साबण, पाणी आणि कोरडे फडके.

रोज संध्याकाळी गुडघ्यापासून बोटांपर्यंत पाय स्वच्छ, थंड पाण्याने आणि साध्या साबणाने धुतो. बेचक्या एकेक करून धुतो, घासत नाही. मऊ सुती फडक्याने टिपून कोरड्या करतो. चिखली दिसली तर केंद्रातून दिलेले मलम लावतो. कारण हा ताप चिखलीतून, भेगेतून शिरणाऱ्या जंतूंमुळे येतो, आणि दर तापागणिक पाय वाढत जातो. बसताना पाय पाटावर वर ठेवतो, निजताना खाली उशी घेतो. घोटा वर-खाली, गोल फिरवतो. वहाण सैल वापरतो. ताप आला तर व्यायाम बंद, पायावर ओले फडके, आणि सरळ आरोग्य केंद्र. बिब्बा, डाग, कापणे यांचे नाव काढत नाही.

रोवणी टळत नाही, हे मलाही ठाऊक आहे. पण बेचकी ओली आणि फुटलेली असेल त्या दिवशी मी बांधीत उतरत नाही. पऱ्हे वाहायचे, दोरी धरायची कामे घेतो. दोन दिवसांची मजुरी परवडते, पंधरा दिवसांचा ताप परवडत नाही.

ज्या भावांना अंडवृद्धी झाली असेल त्यांनी लाज धरून लपवू नये. त्याचे ऑपरेशन सरकारी रुग्णालयात होते.

कोनाड्यातल्या गोळ्या

शेवटी एक गोष्ट सांगतो, तिची मला लाज वाटते. आमच्या गावात हत्तीरोगाच्या गोळ्या घरोघरी वाटायला दरवर्षी माणसे येत. मी गोळ्या हातात घेई, "जेवल्यावर खातो" म्हणे, आणि कोनाड्यात ठेवून देई. मला कुठे रोग आहे, असे वाटे. नाव लागले त्या दिवशी घरी येऊन कोनाडा झाडला, तर तीन वर्षांच्या गोळ्या निघाल्या.

हत्तीरोगाचा जंत अंगात शिरला तरी पाय सुजायला कित्येक वर्षे लागतात. तोवर माणूस धडधाकट दिसतो आणि त्याच्या रक्तातून डास तो रोग दुसऱ्याला नेतो. हा डास बांधीतल्या स्वच्छ पाण्यापेक्षा आपल्या घरामागच्या तुंबलेल्या गटारात आणि संडासाच्या टाकीत वाढतो. म्हणून गटार वाहते ठेवा, टाकीच्या नळीला जाळी बांधा, मच्छरदाणीत निजा. आणि मोहिमेत गोळ्या आल्या की जेवण करून, देणाऱ्या ताईंच्या समोरच घ्या. दोन वर्षांखालची मुले, गरोदर बायका आणि फार आजारी माणसे यांना त्या देत नाहीत. गोळ्यांनंतर थोडी कणकण किंवा चक्कर आली तर घाबरू नका. अंगातले जंतू मरताना असे होते. जास्त वाटले तर केंद्रात जा.

माझ्या दोन्ही मुलांनी गेल्या मोहिमेत माझ्यासमोर गोळ्या घेतल्या. कोनाड्यात आता फक्त ती सुतळी आहे.

तुमच्या घरात कोणाचा पाय सुजत असेल तर आज निजताना तेवढे पहा. एक पाय की दोन्ही, सकाळी किती, संध्याकाळी किती, दम लागतो का, ताप येतो का. आणि ते सगळे डॉक्टरांना सांगा. ते विचारतील म्हणून थांबू नका.