ट्रॅक्टर दिसतो, हप्ता दिसत नाही



‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ असं आपण परगावच्या पाहुण्याला ऐकवतो आणि ऐकवताना स्वतःच हसतो. रस्त्यातले खड्डे आपल्याला पाठ असतात, म्हणून ते हसू येतं. तुलना आपल्या मातीत जुनीच आहे. तिच्यातलं हसू मात्र हल्ली आटलंय. कवी-लेखकांच्या या मांडवात सकाळपासून तीन वक्त्यांनी त्याचं खापर मोबाईलवर फोडलं. अध्यक्षाला शेवटी बोलायला मिळतं, त्याचा फायदा घेऊन मी जरा वेगळं बोलतो.

मी आयुष्यभर मास्तरकी केली. दहावीच्या निकालादिवशी ‘तुला किती?’च्या आधी ‘त्याला किती?’ विचारणारे बाप मी मोबाईल येण्याच्या कितीतरी आधी पाहिले. बोर्डानं गुणवत्ता यादी बंद केली, तर आपण ती चौकातल्या फ्लेक्सवर छापायला लागलो. गल्लीतल्या एकानं पोरगं ‘नीट’साठी लातूरला ठेवलं, की दुसऱ्या घरी पैशांची जुळवाजुळव सुरू. भावकीत कुणाचं घर किती मजली, कुणाच्या लग्नात किती पंगती उठल्या, हे मोजमाप आपण लेकरांना आधी शिकवलं. फोन नंतर दिला. माणूस स्वतःला जोखायला आपल्यासारख्याच माणसाकडं बघतो, असं लिओन फेस्टिंगर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं १९५४ साली मांडलं. इन्स्टाग्राम यायला तेव्हा ५६ वर्षं अवकाश होता.

मग फोन निर्दोष सुटतो का? तसंही नाही. फेसबुक कंपनीची आतली कागदपत्रं २०२१ साली फ्रान्सिस हॉगन या त्यांच्याच माजी कर्मचारी बाईंनी बाहेर आणली. आपल्या शरीराविषयी वाईट वाटत असताना इन्स्टाग्राममुळं ते आणखी वाढलं, असं ३२ टक्के किशोरवयीन मुलींनी सांगितल्याची नोंद त्यांत होती. म्हणजे विस्तव घरचाच होता, फुंकर कंपनीची. आणि फुंकर घालणाऱ्याला ते ठाऊक होतं.

पण खरा फरक मला दुसरीकडं दिसतो. गावात शेजाऱ्याच्या दारात नवा ट्रॅक्टर आला, की पोटात दुखायचंच. पुढं त्याच दारात वसुलीवाला आलेलाही दिसायचा. मग पोटदुखी आपोआप उतरायची आणि आपणच शेजाऱ्याला चहाला बोलवायचो. फोनमध्ये ट्रॅक्टर दिसतो, हप्ता दिसत नाही.

माझे दोन विद्यार्थी, एकाच बाकावरचे. एक पुण्यात नोकरीला, दुसरा इथं शेती करतो. पुणेकरानं नव्या फ्लॅटचे फोटो टाकले. ते बघून शेतकऱ्याची झोप उडाली. परवा एका लग्नात दोघं भेटले. पुणेकराची नोकरी दोन महिन्यांपूर्वीच गेली होती आणि तो रोज रात्री याच्या हिरव्यागार सोयाबीनचा फोटो बघत बसायचा. ‘तुझं बरंय बाबा, घरची शेती!’ शेतकरी म्हणाला, ‘भाव विचार की मला!’ दोघं हसले आणि पंगत उठली तरी बोलतच राहिले.

आपण लेखक तरी कुठं वेगळे आहोत? कविता टाकून दर दहा मिनिटांनी अंगठे मोजतो, दुसऱ्याचे जास्त दिसले की त्याचं वृत्त तपासतो. याच परभणीत बी. रघुनाथांनी निजामाच्या बांधकाम खात्यात कारकुनी करत उण्यापुऱ्या चाळीस वर्षांच्या आयुष्यात कविता, कथा, कादंबऱ्या लिहिल्या. त्यांच्या एका कादंबरीचं नाव ‘जगाला कळले पाहिजे’. आजच्या कुठल्याही स्टेटसला हे शीर्षक शोभेल. पण काय कळलं पाहिजे? आपल्या गंगाखेडच्या जनाबाईंनी दळण, कांडण, झाडलोट, गोवऱ्या वेचणं सगळं अभंगात आणलं. दासीपण झाकायला त्या गेल्या नाहीत. म्हणून सातशे वर्षांनंतरही जात्यावरच्या बाईला त्या आपल्या वाटल्या.

फोटोच्या चौकटीबाहेर राहिलेलं लिहिणं हे आपलं काम आहे. कंपन्यांना जाब विचारायचा तो सरकारनं विचारावा, आपणही मागणी करू. पण ज्याचा फोटो बघून जीव जळला, त्याला त्याच फोनवरून एकदा ‘कसा आहेस?’ विचारायला कुठला कायदा लागत नाही.

आणि यंदा सोयाबीनचा फोटो टाकाल, तेव्हा त्याखाली मिळालेला भावही लिहा. मी पहिला अंगठा देईन.