पेटीमास्तरांचा वाटा

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



१९९६ साली आमच्या मित्रमंडळाची एक कॅसेट निघाली होती. अर्धी मंडळी नांदेडची, अर्धी लातूरची. तालमी कधी इतवाऱ्यात, कधी गंजगोलाईजवळच्या एका माडीवर. गणपतीत वाजवायचं, उरुसात वाजवायचं, लग्नाची सुपारी आली तर तीही घ्यायची. त्या कॅसेटमध्ये मी लिहिलेलं एक गाणं होतं. मांजरा लातूरकडून येते आणि नांदेडच्या पुढे कंदकुर्तीला गोदावरीला मिळते, त्या भेटीचं. गाणं बऱ्यापैकी चाललं. पण खरं सांगायचं तर लोक माझ्या शब्दांवर खूश नव्हते. ध्रुवपदाआधी पेटीवर एक तुकडा वाजायचा. तो सुरू झाला की मांडवात शिट्ट्या पडायच्या.

तो तुकडा आमच्या पेटीमास्तरांनी बसवला होता. कॅसेटच्या कव्हरवर मात्र नावं दोनच छापली होती. गीत माझं, संगीत आमच्या गायकाचं. मास्तर 'साथसंगत'मध्ये, तेही बारीक अक्षरात. कंपनीने एकरकमी दिलेले पैसे आम्ही दोघांनी जास्त घेतले, बाकीच्यांना तालमीच्या हिशेबाने दिले. मास्तर एवढंच म्हणाले, "शायर, पैसे की बात नै है." मग बात कशाची, हे मी विचारलं नाही. नुकता बी.ए. झालेला, नोकरी शोधणारा मुलगा होतो, आणि माझं नाव ठळक छापलं होतं. वर्षभरात मंडळ मोडलं.

पुढे इंग्लंडमधला एक खटला वाचनात आला आणि मास्तर आठवले. 'प्रोकल हारम' या रॉक बँडचं 'अ व्हायटर शेड ऑफ पेल' हे गाणं १९६७ साली जगभर गाजलं. त्याच्या सुरुवातीची ऑर्गनची धून मॅथ्यू फिशर यांनी बसवलेली. कागदावर नावं दोघांची, गायक गॅरी ब्रुकर आणि गीतकार कीथ रीड. फिशर २००५ साली कोर्टात गेले, म्हणजे अडतीस वर्षांनी! इतका उशीर का, हे समोरच्यांनी विचारलंच. २००६ मध्ये कोर्टाने संगीतातला ४० टक्के वाटा त्यांचा ठरवला. २००८ मध्ये अपिलात श्रेय राहिलं, पैसे गेले. २००९ मध्ये हाऊस ऑफ लॉर्ड्सने वाटा परत दिला. २००५ च्या आधीचं मात्र काही हाती लागलं नाही. 'द पोलिस' या बँडमधले दोघे जुने सोबतीही गायक स्टिंगविरुद्ध २०२५ साली लंडनच्या कोर्टात होते, रॉयल्टीवरूनच.

आपल्याकडे कोर्टाची पायरी कमी चढतात, अबोला धरतात. साठीच्या दशकात लताबाई आणि रफीसाहेब काही वर्षं एकत्र गायले नाहीत, ते याच कारणाने. गायकालाही रॉयल्टी मिळाली पाहिजे, असं लताबाईंचं म्हणणं. एकदा मेहनताना घेतला की आपला हक्क संपला, असं रफीसाहेबांचं. त्या काळात रफीसाहेबांबरोबरची बरीच द्वंद्वगीतं सुमन कल्याणपूर यांच्याकडे आली. मी रफीभक्त आहे, घरात त्यांची तसबीर आहे, पण या एका बाबतीत लताबाईंचं बरोबर होतं असं माझं मत आहे. रफीसाहेबांची भूमिका फकिराची होती. पण सगळ्याच कलावंतांना फकिरी परवडत नाही, आणि निर्मात्याला तर ती फारच सोयीची पडते.

कायदाही सावकाशच हलला. १९५७ च्या कायद्यात संगीत म्हणजे कागदावर लिहिलेलं संगीत. आमच्या मास्तरांना स्वरलिपी येत नव्हती, सगळं बोटांत. लिहिलेलं नसलं तरी रचना रचनाच, हे १९९४ च्या दुरुस्तीने मान्य केलं, आणि गाणाऱ्या-वाजवणाऱ्यालाही स्वतंत्र हक्क दिला. त्याआधी १९७७ साली सुप्रीम कोर्टाने चित्रपटगीतांच्या बाबतीत निर्मात्यांच्या बाजूने निकाल दिला होता. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी तेव्हाच गायकांच्या हक्काकडे संसदेचं लक्ष वेधलं. पुढे जावेद अख्तर यांनी राज्यसभेत आणि बाहेर हा विषय लावून धरला, आणि २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांना रॉयल्टीचा हक्क राखून दिला. तो लिहून देऊन टाकला तरी सुटत नाही. म्हणजे निर्मात्यापासून संरक्षण मिळालं. पण मित्राने मित्राचं नाव गाळलं, तर ते आधी मित्रांनीच कबूल करायला हवं, नाहीतर फिशरसारखं कोर्टात जावं लागतं.

गेल्या वर्षी नव्या पोरांनी आमचं गाणं पुन्हा गायलं. पेटीचा तुकडा जसाच्या तसा ठेवला. ते मोबाइलवर फिरू लागलं तेव्हा आमच्या गायकाचा लातूरहून फोन आला, "गाण्याची नोंद करून घेऊ, चार पैसे येतील." नोंदणीच्या अर्जात वाट्याचे रकाने असतात, कुणाचे किती टक्के. त्याने माझं आणि स्वतःचं नाव भरून पाठवलं होतं. मी संगीताच्या रकान्यात मास्तरांचं नाव घातलं आणि परत पाठवलं. तो म्हणाला, "चाल माझी आहे. सुरुवातीचा तुकडा म्हणजे चाल नव्हे." मी म्हटलं, लंडनला हेच म्हणत होते. तो हसला नाही.

मास्तर आता थकलेत. बोटं वळत नाहीत, पेटी पलंगाखाली आहे. अर्जाची प्रत घेऊन गेलो, तर चष्मा लावून त्यांनी स्वतःचं नाव तेवढं दोनदा वाचलं. टक्के किती, हे विचारलंच नाही. लातूरची सही अजून यायची आहे. येत्या रविवारी मी तिकडे जाणार आहे.