चाळीस लिटरांचा संसार

शहरांत नळाची तोटी फिरविली कीं पाणी येतें. तें कोठून आलें आणि कोणाच्या वांट्याचें आलें, हा विचार करण्याचें सहसा कारण पडत नाहीं. पूर्वीच्या अहमदनगर, म्हणजे २०२४ पासूनच्या अहिल्यानगर जिल्ह्यांत हा विचार टळत नाहीं. पश्चिमेस अकोले तालुका सह्याद्रीला भिडलेला आहे. तेथें पाऊस कोसळतो आणि प्रवरेवर १९२६ सालीं पुरें झालेलें भंडारदऱ्याचें धरण तो सांठवून ठेवतें. त्या पाण्यावर उत्तरेकडील ऊंस पोसला. पारनेर, पाथर्डी, कर्जत, जामखेड हे तालुके मात्र पर्जन्यछायेंत पडले. एकाच जिल्ह्याच्या एका टोंकास धरण आणि दुसऱ्या टोंकास टँकर, अशी ही वांटणी आहे.

२०१८ सालचा पावसाळा कोरडा गेला. त्यानंतरच्या उन्हाळ्यांतील, पाथर्डीकडच्या एखाद्या खेड्यांतलें एक वृद्ध जोडपें श्रोत्यांनीं डोळ्यांपुढें आणावें. गृहस्थ एस. टी. च्या नोकरींतून निवृत्त झालेले कंडक्टर. मुलगा पुण्यास कारखान्यांत. घरीं दोघें आणि एक गाय. मढीची कानिफनाथांची यात्रा आटोपली कीं या भागांत उन्हाची धग वाढते. दसऱ्याच्या सुमारास ऊंसतोडीला गेलेलीं कुटुंबें त्याच वेळीं गांवीं परततात. विहीर आटते तेव्हांच गांव भरतें.

टँकरच्या पाण्याचें सरकारी प्रमाण दर माणशीं दर दिवशीं २० लिटर; म्हणजे दोघांस ४०. सारी हयात सुटे पैसे मोजण्यांत गेलेले गृहस्थ आतां हंडे मोजूं लागले. पहिला हंडा पिण्याचा व स्वयंपाकाचा. त्यास दुसऱ्या कामासाठीं हात लावावयाचा नाहीं. आंघोळ मोठ्या घमेल्यांत बसून करावयाची, खालीं सांचलेल्या पाण्यांत कपडे खळबळून काढावयाचे, आणि तेंच पाणी अंगणांतल्या कडुनिंबाच्या बुंध्याशीं ओतावयाचें. भांडीं राखेनें घासून फडक्यानें पुसावयाचीं. डाळ-तांदूळ धुतलेलें पाणी गाईच्या घमेल्यांत जाई. एकाच पाण्याला असें दोनतीनदां राबवून बाई दिवस निभावून नेत. शेजारणीचें लेंकरूं तांब्या घेऊन दाराशीं आलें तर त्याला रिकामें परत धाडीत नसत.

हिशेब बसत नसे तो गाईचा. मोठें जनावर उन्हाळ्यांत दिवसाला ४० ते ५० लिटर पाणी सहज पितें. म्हणजे दोन माणसांचा सगळा वांटा एकटी गाय संपवील. मुलाचा पुण्याहून निरोप आला, "गाय विकून टाका आणि दोघेंही इकडे निघून या." गृहस्थांचें मन अर्धें वळलें होतें. बाई एवढेंच म्हणाल्या, "अहो, आपल्याला पुण्याची वाट ठाऊक आहे. तिनें कुठं जायचं?" यावर उत्तर नव्हतें. त्या वर्षीं सरकारच्या परवानगीनें जिल्ह्यांत चारा छावण्या उघडल्या होत्या. तेथें जनावरास चारा-पाणी मिळे, पण त्याच्यापाशीं घरचें माणूस असावें लागे. गृहस्थ घोंगडी घेऊन गाईसह छावणीस गेले, आणि बाई टँकरसाठीं घरीं राहिल्या. नोकरींत असतांना मुक्कामाच्या गाडीमुळें त्यांच्या कित्येक रात्री परगांवीं गेल्या होत्या. निवृत्तीनंतर ती गाडी कायमची सुटली, असें बाईंना वाटलें होतें. उतारवयांत ती छावणीच्या रूपानें पुन्हां दाराशीं उभी राहिली. रोज संध्याकाळीं भाकरीचें गांठोडें छावणीस जाई, आणि त्याबरोबर आज किती हंडे मिळाले, हा निरोप.

१९७२ चा दुष्काळ दोघांच्याही आठवणींतला. तेव्हां त्यांनीं दुष्काळी कामावर खडी फोडली, सुकडी खाल्ली, परदेशांतून आलेल्या मिलो ज्वारीच्या भाकऱ्या खाल्ल्या. त्या सालीं धान्य नव्हतें, पण बऱ्याच विहिरींच्या तळाशीं पाणी होतें. २०१९ सालीं रेशनचें धान्य घरांत होतें, पाणीच नव्हतें. मधल्या काळांत विंधनविहिरी शेंकडों फूट खोल गेल्या. येथील काळा पाषाण आपल्या भेगांत मुळांतच थोडें पाणी धरतो. जेवढें मुरतें त्याहून अधिक उपसलें, तर भेगा कोरड्या पडावयाच्याच.

यावर उपाय जिल्ह्याबाहेर शोधावा लागत नाहीं. नगर तालुक्यांतील हिवरे बाजार हें गांव याच पर्जन्यछायेंतलें. १९९० च्या सुमारास पोपटराव पवार तेथें सरपंच झाले. त्यानंतर डोंगरउतारावर चर खणले गेले, बांध पडले, झाडें लागलीं. त्याहूनही महत्त्वाचा आहे तो तेथील पाण्याचा ताळेबंद. पडलेला पाऊस मोजावयाचा, माणसांचें व जनावरांचें पिण्याचें पाणी आधीं राखून ठेवावयाचें, आणि उरलेल्यांत कोणतीं पिकें घ्यावयाचीं तें ग्रामसभेनें ठरवावयाचें. ऊंस व केळी यांस तेथें मज्जाव केला, आणि शेतीसाठीं विंधनविहीर खोदण्यासही.

चुलीपाशीं बसून ती बाई जो हिशेब करीत होती, तोच हा हिशेब. फरक वेळेचा आहे. पाणी संपत आलें म्हणजे प्रत्येक घर मोजूं लागतें. तें आकाशांतून पडतें तेव्हांच साऱ्या गांवानें मिळून मोजलें, तर उतारवयांत कोणाच्या संसाराचीं दोन बिऱ्हाडें होणार नाहींत.