रुबीची आई आणि तिची गल्ली
(वार्षिक सभेत केलेले भाषण)



आज अमेरिकेतल्या रुबी ब्रिजेसची गोष्ट सांगते. काळ्या लोकांच्या घरातली सहा वर्षांची पोर. काळ्या-गोऱ्या मुलांच्या सरकारी शाळा वेगळ्या ठेवू नका, असा निकाल तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९५४ साली दिला. पण न्यू ऑर्लिन्स शहरात तो अमलात यायला १९६० चा नोव्हेंबर उजाडला.

वडील म्हणत होते, नको ही जोखीम. आई ल्युसीलचा हट्ट, पोरीला चांगली शाळा मिळालीच पाहिजे. शेवटी आईचंच चाललं. रुबी सरकारी मार्शलांच्या पहाऱ्यात गोऱ्यांच्या शाळेत गेली. बाहेर गर्दी शिव्या देत उभी. त्यात बायाही होत्या! गोऱ्यांनी आपली मुलं काढून नेली. बार्बरा हेन्री या शिक्षिकेने वर्षभर एकट्या रुबीला शिकवलं.

इकडे वडिलांची नोकरी गेली. दुकानदाराने किराणा बंद केला. आजी-आजोबा बटईने कसत होते, ती जमीनही सुटली.

मग हे घर टिकलं कसं? शेजाऱ्यांमुळे. एकाने वडिलांना काम दिलं. कुणी लेकरं सांभाळली, कुणी घराची राखण केली, कुणी रुबीच्या गाडीमागे चालत गेले.

बायांनो, कायदा कागदावर असतो. तो पोरीपर्यंत आणायला आई लागते, आणि आईच्या पाठीशी गल्ली लागते. आपल्या गटातल्या कुणाची पोर शाळेवाचून घरी बसली असेल, तर हप्त्याआधी तिची चौकशी करा. एवढंच सांगते आणि थांबते.