दारावरचा माणूस



जत्रेत तमाशाचा तंबू पडला, की कनातीच्या तोंडाशी एक माणूस उभा असतो. तो तिकीट फाडतो, फुकट्यांना वाटेला लावतो, कोणी पिऊन आला तर खांद्यावर हात टाकून त्याला बाजूला नेतो. आज त्याच्या धंद्याविषयी चार गोष्टी सांगायच्या आहेत. पुण्या-मुंबईच्या नाट्यगृहांच्या, चित्रपटगृहांच्या, मंगल कार्यालयांच्या दारांवर आपल्या गावाकडची पुष्कळ पोरे उभी आहेत, आणि दहावी-बारावीनंतर आणखी कितीतरी त्या वाटेवर आहेत.

"वॉचमनच ना?" असे म्हणून आपल्याकडे नाक मुरडतात. म्हणोत बापडे! पण हे काम शिकून घ्यावे लागते, आणि तसा कायदाच आहे. खाजगी सुरक्षा एजन्सींसाठी केंद्राने २००५ साली कायदा केला. एजन्सीने नेमलेला रक्षक भारताचा नागरिक हवा, वयाने १८ पुरा आणि ६५ च्या आतला हवा, त्याच्या चारित्र्याची पडताळणी झालेली हवी. केंद्राच्या आदर्श नियमांत पुरुषाला १६० आणि स्त्रीला १५० सेंटिमीटर उंची सांगितली आहे. शिक्षण १६० तासांचे: १०० तास वर्गात, ६० तास प्रत्यक्ष जागेवर. फौजेतून किंवा पोलिसांतून आलेल्यांना ते थोडक्यात आटोपते. आग विझवणे, गर्दी आवरणे, प्रथमोपचार, पोलिसांत फिर्याद कशी द्यावी, हे सारे त्यात येते. गुरुजींनी एक गोष्ट मुद्दाम ध्यानात घ्यावी. ओळखपत्रावरची इंग्रजी अक्षरे आणि आकडे वाचता आले पाहिजेत, असेही त्या नियमांत आहे. सातवी-आठवीत ज्याची ही अक्षरे कच्ची राहिली, तो पुढे दारावर अडतो.

आता खऱ्या मुद्द्याकडे येऊ. दारावरचा माणूस लोकांना आत येऊ न देण्यासाठी ठेवलेला असतो, अशी समजूत आहे. ती अर्धीच खरी. १३ जून १९९७ रोजी दिल्लीच्या 'उपहार' चित्रपटगृहात तळमजल्यावरच्या ट्रान्सफॉर्मरला आग लागली. धूर वर बाल्कनीत चढला आणि ५९ माणसे दगावली, बहुतेक सारी गुदमरून. जादा खुर्च्या बसवल्याने बाहेरची वाट अडली होती, बाल्कनीचे दार बंद होते, आणि त्या दाराचा द्वारपाल जागेवर नव्हता. मोठा दोष मालकांचा होता आणि न्यायालयाने त्यांनाही दोषी ठरवले. पण द्वारपालालाही शिक्षा झाली. म्हणून नव्या जागी गेलात, की खेळ सुरू होण्याआधी सगळी दारे स्वतः फिरून पाहा. कुठल्या दाराला कुलूप आहे? किल्ली कोणाकडे आहे? जिन्यात खोकी रचली आहेत का? असतील तर व्यवस्थापकाला सांगा, आणि वहीत तशी नोंद करा. बदली माणूस आल्याशिवाय दार सोडू नका; मग चहा थंड झाला तरी चालेल.

अंगावर गणवेश आला म्हणजे आपण पोलीस झालो नाही, हेही समजून घ्या. कोणाच्या अंगावर हात टाकायचा अधिकार त्याने मिळत नाही. डोळ्यांसमोर अजामीनपात्र आणि दखलपात्र गुन्हा घडला, तर सामान्य माणसासारखे तुम्हीही गुन्हेगाराला धरू शकता. पण सहा तासांच्या आत त्याला पोलिसांच्या हवाली करावे लागते. एरवी गडबड दिसली, की ११२ फिरवावा. बायकांची झडती बाईनेच घ्यावी, म्हणून या कामाला मुलीही लागतात. खरे कसब जिभेचे आहे. "दादा, जरा इकडे या," असे म्हणून चिडलेल्याला गर्दीतून बाजूला काढता आला, तर निम्मे भांडण तिथेच मिटते. चारचौघांत त्याला हिणवले, तर तो ऐकायचा नाही. त्यालाही पाहणाऱ्यांपुढे आपली पत राखायची असते.

नोकरी धरताना सावध राहा. "अनामत भरा, लगेच लावून देतो," असे म्हणणाऱ्याला आधी परवाना विचारा. कायद्याप्रमाणे तो एजन्सीच्या कचेरीत दर्शनी भागी लावलेला असायला हवा. नेमणुकीचे पत्र मागा, फोटोचे ओळखपत्र मागा, फंडाचा नंबर मागा. महाराष्ट्रात १९८१ च्या कायद्याने सुरक्षा रक्षक मंडळेही झाली आहेत. तिथे नोंदलेल्या रक्षकांना पगार मंडळामार्फत मिळतो. तुमच्या भागात असे मंडळ असेल, तर तिथे जाऊन चौकशी करा.

पहिल्या दिवशी गणवेश मिळेल. सदरा ढगळ असला तरी भागते. बूट मात्र आपल्या मापाचे मागून घ्या; आठ तासांची पाळी पुष्कळदा बारावर जाते, आणि ती सारी उभ्यानेच काढायची असते.