पित्याची भीती

महाभारताच्या वनपर्वात कुंडलाहरणाची कथा आहे. कर्णाने कवचकुंडले दान केली, एवढेच बहुधा आपल्या स्मरणात राहते. परंतु त्याआधी एका रात्री एका पित्याच्या जिवाची जी घालमेल झाली, तिच्याकडे श्रोत्यांनी क्षणभर लक्ष द्यावे.

पांडवांच्या वनवासाची बारा वर्षे सरली होती. अर्जुनाच्या हितासाठी इंद्र ब्राह्मणवेषाने कर्णाकडे येणार, हे सूर्याला कळले. पुत्रस्नेहाने व्याकूळ होऊन तो कर्णाच्या स्वप्नात आला. ‘इंद्राला दुसरे काहीही दे, कवचकुंडले देऊ नकोस, ती अंगावर आहेत तोवर अर्जुन तुला मारू शकणार नाही,’ असे त्याने विनविले. कर्ण उत्तरला, याचकाला विन्मुख पाठवून लाभणाऱ्या आयुष्यापेक्षा कीर्तीसह येणारे मरण मला प्रिय आहे. त्यावर सूर्य म्हणतो, कीर्ती जिवंत माणसाच्या उपयोगाची. मेलेल्याची कीर्ती म्हणजे प्रेताच्या गळ्यातील माळ! देवाच्या मुखी हे शब्द शोभतात काय, असे कोणी विचारील. पण कोणत्याही बापाच्या मुखी ते शोभतात.

या बापाची अडचण मात्र निराळी आहे. ‘तू माझा पुत्र आहेस’ हे त्याला सांगता येत नाही. यात देवांचे एक गुपित आहे, ते तुला यथाकाल कळेल, एवढे म्हणून तो थांबतो. कर्णाच्या दृष्टीने तो केवळ उपास्य दैवत. पोटच्या मुलावर हक्काने रागावताही येऊ नये, ही केवढी शिक्षा!

अखेर सूर्य हट्ट सोडतो. मुलगा व्रत मोडणार नाही, हे ओळखून तो म्हणतो, ‘देणारच असशील, तर मोबदल्यात इंद्राची अमोघ शक्ती मागून घे.’ कर्णाने ती घेतली, आणि स्वहस्ते अंगावरील कवच कापून दिले. एकाच शत्रूवर चालणारी ती शक्ती पुढे घटोत्कचावर खर्ची पडली. युद्धाच्या सतराव्या दिवशी कर्ण अर्जुनाच्या बाणाने पडला.

तत्पूर्वी, उद्योगपर्वात, सूर्य पुन्हा एकदा बोलला होता. गंगातीरी कुंतीने कर्णाला त्याचे जन्मरहस्य सांगितले, तेव्हा ‘कुंती म्हणते ते सत्य आहे, मातेचे ऐक’ अशी वाणी सूर्यमंडलातून आली. आता पिता कोण, हे पुत्राला ठाऊक होते. तरीही दुर्योधनाच्या अन्नाला जागणाऱ्या कर्णाचे मन ढळले नाही.

दानशूर पुत्राचे गुण जग गाते; त्याला दोनदा अडवू पाहणारा पिता विस्मृतीत जातो. धोक्याच्या वाटेने निघालेल्या मुलाला थोपविता आले नाही, तर त्याच्या हाती निदान काहीतरी शस्त्र द्यावे, एवढेच बापाला करता येते. सूर्याने तेवढे केले.